वाद्य, वर्णन आणि निवाडा

(स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ही व्याख्यानमाला एका वाद्यकारागिराच्या स्मरणार्थ चालते. गायक-वादकांच्या नावाने आपल्याकडे समारोह पुष्कळ होतात. ज्याच्या हातची जवारी लागल्याशिवाय त्यांचा षड्ज उभा राहत नाही, त्याच्या नावाने फारच थोडे होतात. म्हणून आज मी विषयही वाद्यांचाच घेतला आहे. मात्र तो मैफलीतला नाही, खरेदी-विक्रीतला आहे. जुनी, वापरलेली वाद्ये ऑनलाइन लिलावातून घेताना जे वाद होतात ते कसे मिटवावेत, एवढाच माझा प्रश्न. वादात पैसा अडकतो, माणसे दुखावली जातात आणि कधी कधी वाद्यच जिवानिशी जाते. या तिसऱ्या हानीची भरपाई कोणीच करू शकत नाही. तिथूनच सुरुवात करतो.

२०१२ च्या जानेवारीत उत्तर अमेरिकेतली एक बातमी जगभर पोहोचली. एका बाईंनी आपले जुने फ्रेंच व्हायोलिन कॅनडातल्या ग्राहकाला २,५०० डॉलरला विकले. पैसे पेपॅल या ऑनलाइन देयक-सेवेमार्फत आले. व्हायोलिन हाती पडल्यावर त्याच्या आतल्या चिठ्ठीवरून ग्राहकाने तक्रार केली, की हे वाद्य सांगितले तसे नाही. विक्रेत्या बाईंच्या सांगण्याप्रमाणे एका वाद्यकारागिराने ते आधी तपासून दिलेले होते. पेपॅलने ग्राहकाच्या बाजूने निकाल दिला आणि परताव्यासाठी अट घातली, की वाद्य नष्ट करावे. ग्राहकाने व्हायोलिन मोडले आणि त्या तुकड्यांचे छायाचित्र विक्रेत्या बाईंना पाठवले. पैसे परत गेले, वाद्यही गेले. चर्चा उठल्यावर कंपनीने करारातल्या कलमाकडे बोट दाखवले. बनावट ठरलेली वस्तू परत पाठवण्याऐवजी नष्ट करायला सांगण्याची मुभा त्या कलमात होती.

त्या दोघांपैकी खरे कोण होते, हे आज कोणालाच ठरवता येणार नाही, कारण ज्यावरून ठरवायचे तो पुरावाच फोडून टाकला गेला. हे कलम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बनावट घड्याळे, बनावट पर्स, बनावट बूट असणार. कारखान्यातून हजारांनी निघणाऱ्या मालाला तो नियम कदाचित शोभेलही. शंभर वर्षांच्या व्हायोलिनला तो लावणे हा अन्याय आहे. व्हायोलिनच्या चिठ्ठीबद्दल दोन जाणत्यांचे मत वेगळे पडणे ही तर या क्षेत्रातली रोजची गोष्ट आहे.

ती रोजची का, हे थोडे सविस्तर सांगायला हवे. अंतोनियो स्त्रादिवारी १७३७ मध्ये क्रेमोनात वारला. पुढे एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या आरंभी जर्मनीतल्या मार्कनॉयकिर्शेन आणि मिटेनवाल्ड, फ्रान्समधल्या मिरकूर या गावांतून व्हायोलिने घाऊक प्रमाणात बनू लागली. त्यांतल्या असंख्य वाद्यांच्या पोटात स्त्रादिवारीच्या नावाची लॅटिन चिठ्ठी चिकटवलेली असे. त्यात फसवणुकीचा हेतू असेलच असे नव्हे. कोणत्या नमुन्यावर हे वाद्य बेतले आहे, हे सांगण्याची ती रूढ पद्धत होती आणि त्या काळच्या गिऱ्हाइकालाही ते ठाऊक असे. १८९० च्या जकात कायद्याने अमेरिकेत येणाऱ्या मालावर उत्पादक देशाचे नाव बंधनकारक केले. त्यानंतर बऱ्याच चिठ्ठ्यांवर स्त्रादिवारीच्या खाली बारीक अक्षरात जर्मनीचेही नाव येऊ लागले. आज एखाद्याच्या माळ्यावर आजोबांचे व्हायोलिन सापडते, नातू आत डोकावून स्त्रादिवारीचे नाव वाचतो आणि भाबडेपणाने लिलावाच्या वर्णनात तेच लिहितो. इथे खोटे कोणीच बोललेले नसते, तरीही वादाचे बीज पडलेले असते.

मोठ्या वाद्यांनाही ही शंका चुकलेली नाही. ऑक्सफर्डच्या अ‍ॅश्मोलियन संग्रहालयातले १७१६ चे ‘मसाया’ हे स्त्रादिवारीच्या सर्वांत प्रसिद्ध व्हायोलिनांपैकी एक. गेल्या शतकाच्या अखेरीस त्याच्याही अस्सलपणाला आव्हान दिले गेले. मग लाकडातली वार्षिक वर्तुळे मोजणाऱ्या तज्ज्ञांनी त्याची वरची फळी तपासली. शेवटचे वर्तुळ १६८० च्या दशकातले निघाले. ते लाकूड स्त्रादिवारीच्या हयातीत तोडले गेले असू शकते, इतके त्यावरून म्हणता आले. कोणाच्या हातांनी ते कोरले, हे लाकूड सांगत नाही. संग्रहालयातल्या वाद्याची ही कथा असेल, तर एका खोक्यातून आलेल्या व्हायोलिनाबद्दल पडद्यामागच्या कर्मचाऱ्याने कागदपत्रे चाळून निकाल द्यावा, हे कसे चालेल?

इथे कोणी म्हणेल, मग ऑनलाइन लिलावात वाद्य घेऊच नये. मी तसे म्हणत नाही. २०११ च्या जूनमध्ये ‘लेडी ब्लंट’ हे स्त्रादिवारीचे १७२१ चे व्हायोलिन टॅरिसिओ या लिलावसंस्थेने ऑनलाइन लिलावातच विकले. बोली ९८ लाख पौंडांपर्यंत गेली आणि ती रक्कम जपानच्या भूकंप-त्सुनामीग्रस्तांना दिली गेली. तिथे बोली संगणकावर लागली, पण वाद्याची वंशावळ, आधीचे मालक आणि झालेल्या दुरुस्त्या यांची नोंद सर्वांसमोर होती. तो सौदा विश्वासार्ह झाला तो त्या नोंदीमुळे. लिलाव कुठे झाला, यापेक्षा खरेदीदाराला काय काय सांगितले गेले, याला महत्त्व आहे.

आपल्याकडे म्हण आहे, म्हैस पाण्यात आणि मोल बाहेर. ऑनलाइन लिलावात नेमके हेच घडते. वाद्य कोणाच्या तरी घरात आहे आणि त्याचे मोल हजार मैलांवर ठरते आहे. विकणाऱ्याला वाद्याचे दोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले, की अशा बाजारात चांगल्या मालाचीही किंमत पडते, कारण चांगला आणि वाईट यांतला फरक घेणाऱ्याला कळत नाही. मग चांगला माल असलेला माणूस बाजारातून उठून जातो. अ‍ॅकरलॉफला पुढे २००१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. वाद्यांच्या बाबतीत याचा अर्थ असा, की खोट्या वर्णनाने फक्त फसलेल्याचे नुकसान होत नाही. ज्याच्याकडे खरोखर उत्तम तानपुरा आहे, त्यालाही योग्य दाम मिळत नाही आणि तो तानपुरा कपाटावरच पडून राहतो.

ऑनलाइन लिलावाची ही पद्धत रूढ केली ईबेने. प्येर ओमिद्यार यांनी १९९५ मध्ये ते संकेतस्थळ सुरू केले. तिथे विकली गेलेली पहिली वस्तू होती एक बिघडलेला लेझर पॉइंटर, किंमत १४.८३ डॉलर. ओमिद्यार यांनी घेणाऱ्याला विचारले, हा चालत नाही हे तुम्हाला कळले आहे ना? तो म्हणाला, मी बिघडलेलेच जमवतो. मला या व्यवहारात मोठे तत्त्व दिसते. वस्तू मोडकी होती, पण वर्णन धडधाकट होते, म्हणून वाद झाला नाही. जुन्या वाद्याला दोष असणारच. भोपळ्याला सांधलेली चीर असेल, भात्याला ठिगळ असेल, मान एकदा तुटून जोडलेली असेल. त्यातले काहीच लाजिरवाणे नाही. लपवले की मात्र भांडण होते.

अनोळखी माणसांत विश्वास यावा म्हणून १९९६ मध्ये तिथे अभिप्रायाची सोय झाली. तिचा फायदा खरा आहे. पॉल रेस्निक या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जुन्या पोस्टकार्डांच्या विक्रीवर एक प्रयोग केला. एकाच माणसाने सारखाच माल आपल्या प्रस्थापित नावाने आणि नव्या नावांनी विकला. प्रस्थापित नावाला सुमारे ८ टक्के जास्त किंमत मिळाली. पत म्हणजे पैसा, हे आपल्या पेठांतल्या व्यापाऱ्याला कोणी शिकवायला नको. पण या सोयीची एक उणी बाजूही दिसली. तुम्ही मला वाईट म्हणालात तर मी तुम्हाला म्हणेन, या धाकाने जवळजवळ सगळेच अभिप्राय चांगले येत राहिले. शेवटी २००८ मध्ये विक्रेत्यांना ग्राहकाविषयी वाईट अभिप्राय देण्याची मुभाच ईबेने काढून घेतली. म्हणून जुन्या वाद्याच्या विक्रेत्याचे नुसते गुण मोजू नका. त्याने याआधी वाद्ये विकली आहेत का आणि त्या घेणाऱ्यांनी आवाजाबद्दल काय लिहिले आहे, ते वाचा. मोबाइलची कव्हरे विकून मिळवलेल्या हजार शाबासक्या तानपुऱ्याच्या कामाच्या नाहीत.

वाद मिटवण्याच्या यंत्रणेचा इतिहासही जाणून घेण्यासारखा आहे. १९९९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या एथन कॅट्श यांच्या केंद्राने ईबेवरच्या तक्रारींसाठी ऑनलाइन मध्यस्थीचा एक छोटा प्रयोग केला. काही आठवड्यांत दोनशेच्या आसपास तक्रारी आल्या. एक मध्यस्थ दोन्ही बाजूंशी ईमेलवर बोलत असे. फोन नाही, भेट नाही, तरी बऱ्याच तक्रारी मिटल्या. मग स्क्वेअरट्रेड या कंपनीने ते काम हाती घेतले. २००३ पासून कॉलिन रूल यांनी ईबे आणि पेपॅलसाठी वाद मिटवण्याची मोठी व्यवस्था उभारली, आणि वर्षाला सुमारे ६ कोटी वाद तिच्यातून जाऊ लागले. कॅट्श यांनी तंत्रज्ञानाला वादातला ‘चौथा पक्ष’ म्हटले. वादी, प्रतिवादी, मध्यस्थ आणि चौथे ते यंत्र.

या चौथ्या पक्षाचे ऋण मानलेच पाहिजे. दोन हजार रुपयांच्या बासरीसाठी कोर्टाची पायरी कोण चढणार? पण इतके वाद हाताळायचे म्हणजे त्यांचे ठरावीक साचे करावे लागतात, आणि वाद्याचा वाद त्या साच्यात नीट बसत नाही. म्हणून वादांचे तीन प्रकार वेगळे करून पाहू.

पहिला, पैसे गेले आणि वाद्य आलेच नाही. यात यंत्रणा उत्तम चालते. कुरियरची नोंद असते, पोहोच असते. यावर अधिक बोलायला नको.

दुसरा, वाद्य आले पण मोडून आले. तानपुऱ्याचा भोपळा फुटलेला, सतारीची मान निखळलेली. इथे बांधणी कोणाची, हा प्रश्न आहे. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत दीडशे वर्षांहून अधिक काळ तंतुवाद्ये बनतात आणि बाहेरगावी जातात. तिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. भोपळा बाहेरून कणखर दिसला तरी धक्क्याने अंड्यासारखा जातो, हे तिथला कोणीही कारागीर सांगेल. पाठवताना तारा उतरवाव्यात, घोडी आणि मणी वेगळे गुंडाळून ठेवावेत, भोपळ्याला चहूबाजूंनी नीट आधार द्यावा, दांडी हलू नये. तारा चढवलेल्याच ठेवून वाद्य पाठवले आणि वाटेत धक्का बसला, तर त्या ताणाने सांधे सुटतात. घरचा तानपुरा विकणाऱ्याने ही बांधणी स्वतः करू नये, वाद्याच्या दुकानातून करून घ्यावी आणि तिचे पैसे किमतीत उघड दाखवावेत. घेणाऱ्याने खोके उघडताना सलग चित्रफीत काढावी, आणि खोके, भुसा, कागद यांतले काहीही वाद मिटेपर्यंत टाकू नये. कुरियर कंपनी पहिल्यांदा खोकेच मागते.

यात एक सूक्ष्म गोष्ट आहे. कोकणातल्या दमट हवेत वाढलेले वाद्य न्यू जर्सीतल्या हिवाळ्यात, सतत तापवलेल्या घरात गेले, की लाकूड आकसते आणि जुना सांधा उघडतो. परदेशातल्या आपल्या कितीतरी मंडळींनी हा अनुभव घेतला आहे. पोहोचल्यावर तिसऱ्या आठवड्यात पडलेली भेग विक्रेत्याची लबाडी नसते आणि घेणाऱ्याचा हलगर्जीपणाही नसतो. खोके आल्यावर ते एक दिवस बंदच ठेवावे, वाद्याला खोलीच्या हवेची सवय होऊ द्यावी आणि मगच उघडावे. दोघांनी हे आधीच बोलून घेतले तर निम्मे वाद उद्भवणारच नाहीत.

तिसरा प्रकार सर्वांत अवघड: वाद्य धड आले, पण सांगितले तसे नाही. माझ्याकडे सल्ल्याला येणारी माणसे बहुतेक याच वादात अडकलेली असतात. ‘तानपुरा उत्तम स्थितीत’ असे लिहिलेले असते. पण तो पुरुषी पट्टीचा की बायकी, कोणत्या स्वराला जुळतो, हे लिहिलेलेच नसते. काळी एकला बोलणारा तानपुरा काळी चारच्या गायिकेच्या हाती पडला, की तो कितीही उत्तम असो, तिच्या कामाचा नसतो. तिने तारा ओढून चढवल्या तर घोडी आणि तबलीवर ताण येतो आणि वाद्य बिघडते. दोष कोणाचा? विचारले नाही हिने, सांगितले नाही त्याने.

पेटीचेही तेच. ‘जुनी जर्मन रीडची हार्मोनियम’ या चार शब्दांवर बोली कुठल्या कुठे चढते. रीड खरोखर कुठल्या, खर्ज-नर किती जोड्या, कपलर चालतो का, स्केल चेंजर आहे का, एकही पट्टी न दाबता भाता भरून ठेवला तर हवा किती वेळ टिकते? यांतले एकही उत्तर छायाचित्रात येत नाही. रीड कानस लावून, खरडून जुळवतात. वारंवार जुळवलेली रीड पातळ होत जाते आणि लवकर तुटते. वरचे लाकूड कितीही चमकवले तरी हे बदलत नाही. सतारीच्या बाबतीत कनाईलाल किंवा हिरेन रॉय अशा कलकत्त्याच्या नामांकित कारागिरांचे नाव किंमत चढवते. परदेशी बोली लावणारा त्या नावाच्या पट्टीकडेच पाहतो. नाव खरे असू शकते, नंतर लावलेलेही असू शकते. नावाच्या पट्टीला पुरावा मानण्याआधी बांधणी, नक्षी आणि आवाज यांची साक्ष घ्यावी लागते.

आता कायदा काय म्हणतो, ते पाहू. आपला मालविक्री कायदा १९३० चा आहे. संगणकाचा जन्मही झालेला नव्हता तेव्हाचा, पण या वादांना तो अजून उपयोगी पडतो. कलम १५ सांगते, की वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळलाच पाहिजे. कलम ४१ सांगते, की आधी न पाहिलेला माल हाती आल्यावर तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत तो तुम्ही स्वीकारला असे धरले जात नाही. कलम ४२ मात्र इशारा देते. विक्रेत्याच्या मालकीशी विसंगत असे काही त्या मालाला केले, किंवा वाजवी मुदतीत नकार कळवला नाही, तर माल स्वीकारला असे धरतात. वाद्यापुरते सांगायचे तर, तक्रार करायची असेल तर आधी जवारी काढून घेऊ नका, रीड जुळवून घेऊ नका, पॉलिश करू नका. दुरुस्ती केलीत की तुमच्या हातातला पुरावाही जातो आणि हक्कही ढिला पडतो. कलम ५९ प्रमाणे वाद्य ठेवून किमतीतली तफावत मागण्याचा मार्गही खुला आहे. जुन्या वाद्यांसाठी मला तो पुष्कळदा सर्वांत शहाणपणाचा वाटतो. नवीन घोडीचा आणि जवारीचा खर्च विक्रेत्याने द्यावा आणि वाद्य जिथे पोहोचले तिथेच राहावे. दुसऱ्यांदा प्रवास म्हणजे दुसऱ्यांदा धोका.

याच कायद्याचे कलम ६४ लिलावाविषयी आहे. विक्रेत्याने स्वतःच खोट्या नावाने बोली लावून किंमत चढवली, तर ती विक्री रद्द करण्याचा हक्क घेणाऱ्याला आहे. आपल्याविरुद्ध एकच नवखे नाव पुन्हा पुन्हा बोली चढवते आणि नेमके आपल्या मर्यादेपाशी थांबते, असे दिसले तर नोंदी जपून ठेवा. लिलाव म्हटले की कायदा घेणाऱ्याला वाऱ्यावर सोडतो, असा समज आहे. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २००४ मध्ये तो खोडून काढला. ईबेवर व्यापारी विकतो तेव्हा तिथे हातोडा पडत नाही, म्हणून तो कायद्याच्या अर्थाने लिलाव नव्हे, आणि ग्राहकाला माल परत करण्याचा हक्क आहे, असे त्या न्यायालयाने ठरवले. एका हिऱ्यांच्या ब्रेसलेटवरून तो वाद होता. सेलोला आणि व्हायोलिनलाही तोच न्याय लागतो.

विक्रेता व्यापारी आहे की घरगुती माणूस, हा प्रश्न म्हणूनच बोली लावण्याआधी विचारावा. व्यापाऱ्याविरुद्ध आपल्याकडे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. आपण राहतो तिथल्याच ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, दोन वर्षांची मुदत असते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि मध्यस्थीची सोय कायद्यातच आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे व्यासपीठाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोहोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. परदेशी व्यासपीठावर मात्र त्यांच्या मुदती चालतात. ईबेवर साधारण ३० दिवस, पेपॅलवर वाद उघडायला १८० दिवस. सगळी बोलणी व्यासपीठाच्या निरोपांतच करा. खासगी फोनवर दिलेल्या शब्दाची नोंद कुठेच राहत नाही.

सीमेपार जाणाऱ्या वाद्याची आणखी एक अडचण आहे. ब्राझिलियन शिसवीवर १९९२ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारात कडक बंधने आहेत. २०१७ च्या जानेवारीत शिसवीच्या सगळ्याच जातींवर परवान्याची अट आली. पुढे २०१९ मध्ये बाकीच्या जातींच्या तयार वाद्यांना तीतून मोकळीक मिळाली. हस्तिदंताची घोडी किंवा नक्षी असलेली जुनी सतार, आणि शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू देशाबाहेर पाठवण्याच्या तर कायदा थेट आड येतो. जकातीत अडकलेल्या वाद्याचा वाद कोणत्याही मध्यस्थाला सोडवता येत नाही. पाठवण्यापूर्वी लाकूड कोणते, घोडी कशाची, हे विचारणे हाच त्यावरचा उपाय आहे.

विक्रेत्याच्या बाजूनेही बोलले पाहिजे. यंत्रणा ग्राहकाकडे झुकलेली असते आणि तिचा गैरवापर करणारेही असतात. चांगल्या रीड काढून घेऊन साध्या बसवून परत पाठवणे, मैफलीपुरते वाद्य वापरून ‘वर्णनाप्रमाणे नाही’ म्हणणे, हेही घडते. म्हणून विकणाऱ्याने वाद्याच्या आतली, सहसा न दिसणारी खूण टिपून ठेवावी: पेटीच्या आतली नोंद, भोपळ्याच्या पाठीवरची रेघ, लाकडाची शीर. दोष स्वतःहून दाखवावा. वाद्य वाजवतानाची विनासंस्कार ध्वनिफीत द्यावी, जवळ स्वरमापक ठेवून. घेणाऱ्याने खोके उघडल्यावर पहिल्याच दिवशी तीच ओळ त्याच पद्धतीने वाजवून ध्वनिमुद्रित करावी. दोन ध्वनिफिती शेजारी ठेवल्या की वाद पुष्कळदा तिथेच संपतो.

तरीही जो उरतो, त्याचा निवाडा कोणी करायचा? ग्राहक कायदा सदोष माल प्रयोगशाळेत पाठवण्याची तरतूद करतो. जवारी खुली आहे की बंद, हे कोणत्या प्रयोगशाळेत ठरणार? ते मिरजेत, पुण्यात, मुंबईत बसलेल्या कारागिराच्या कानाला कळते. भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ३९ कलेतल्या आणि इतर क्षेत्रांतल्या विशेष जाणकाराचे मत पुरावा म्हणून ग्राह्य मानते. कायद्याने दार उघडे ठेवले आहे. आपण आपल्या कारागिरांना त्या दारातून आत नेलेले नाही. आपण त्यांच्याकडे वाद्य दुरुस्तीला देतो, त्यांचे मत मात्र लेखी कधी घेत नाही आणि त्या मताचे पैसे तर कधीच देत नाही. डॉक्टरच्या दाखल्याला आपण शुल्क देतो, तसे कारागिराच्या तपासणीच्या दाखल्यालाही दिले पाहिजे.

म्हणून या व्यासपीठावरून माझ्या तीन मागण्या आहेत, आणि त्या या सभागृहातल्या संस्थाचालकांकडे आहेत. पहिली, संगीत संस्थांनी जुन्या वाद्यांच्या विक्रीसाठी वर्णनाचा एक साधा मराठी नमुना तयार करावा. पट्टी, लाकूड, झालेल्या दुरुस्त्या, बदललेले भाग, ज्ञात दोष आणि ध्वनिफीत हे रकाने त्यात असावेत. विकणाऱ्याने तो भरून सही करावी. दुसरी, दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांची एक यादी करावी. त्यांनी ठरलेल्या शुल्कात वाद्य तपासून लेखी मत द्यावे. वाद झाल्यास दोन्ही बाजूंनी त्यांतला एक कारागीर आधीच मान्य केलेला असावा, आणि त्याच्या मताआधी कोणीही परताव्याचे बटण दाबू नये. तिसरी, वाद कोणताही असो, कोणतीही कंपनी काहीही सांगो, वाद्य मोडायचे नाही. पैशाचा हिशेब नंतर करता येतो. बनावट चिठ्ठीचे व्हायोलिनही एखाद्या मुलाला सरगम शिकवू शकते, आणि त्याची चिठ्ठी बदलता येते.

हे काम कोणाच्या परवानगीची वाट पाहत नाही. त्याला कायदा बदलावा लागत नाही, सरकारी निधी लागत नाही. लागतो तो एक छापील कागद, तीन-चार जाणत्या कारागिरांची संमती आणि विकण्यापूर्वी खरे लिहिण्याची तयारी. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या वाद्यांची उणीव ओळखून ती उघड सांगितली आणि मग दुरुस्त केली. त्यांच्या नावाने वर्णनाचा पहिला नमुना या संस्थेने याच वर्षी छापावा, ही विनंती करतो.